ताण घेऊ नको, ताण दे!

फेब्रुवारीतली गोष्ट. सोमवारच्या एडिटोरियल मीटिंगला गेलो तेव्हा माझ्या चेहऱ्यावर चार ठिकाणी टिश्यू पेपरचे तुकडे चिकटलेले होते. पाचवा मीटिंगच्या मधेच टेबलावर गळून पडला. एडिटर मॅडम सभ्य आहेत, त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. पण शेजारी बसलेल्या डिझायनरला काही राहवलं नाही. ‘‘मांजर पाळलंयस का रे?’’

मांजर नाही बॉस. वस्तरा पाळलाय!

आता वस्तरा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर सलूनमधला वस्तरा आला असेल. ज्यात काका आपल्यासमोर नवीन ब्लेड कागदातून काढतात, मधोमध कट्‌कन मोडतात आणि अर्धं पातं आत सरकवतात, तो. तो तसा अलीकडचा. १९८६ साली चेन्नईत भारतातल्या एचआयव्हीच्या पहिल्या केसेस सापडल्या. पुढे एड्सबद्दल जागृती वाढत गेली, तसं एकच वस्तरा सगळ्या गल्लीच्या गालांवरून फिरवणं मागे पडत गेलं. माझा वस्तरा त्याच्या आधीच्या पिढीतला. अख्खं पोलादी पातं, मुठीत घडी होऊन बसणारं. आजोबांचा, मग बाबांचा. पात्याच्या मुळाशी बारीक अक्षरात ‘झोलिंगन’ कोरलंय. हे जर्मनीतलं सुऱ्या-कात्र्या-वस्तऱ्यांचं गाव. हे नाव कुठल्या पात्यावर टाकायचं आणि कुठल्या नाही, याला तिथे १९३८ पासून कायद्याचं संरक्षण आहे. म्हणजे आमच्या साताऱ्याच्या बाथरूममध्ये एक फॉरेनची वस्तू होती आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

मला दाढी म्हणजे ऑफिसला निघण्याआधीची तीन मिनिटं. तीसुद्धा एका हाताने! दुसऱ्या हातात मोबाइल. पाच ब्लेडचं रेझर गालावरून सर्रकन फिरवायचं की झालं. त्या दुसऱ्या हाताला दाढीत काही काम असतं, हे मला अठ्ठावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

सांगायची वेळ आली ती नोव्हेंबरात.

आरशासमोर घसरलेला हात

बाबा पोस्टातून रिटायर झालेले. रोज सकाळी सात वाजता वाटीत गरम पाणी, ब्रश, साबण, आणि खुंटीला अडकवलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा परजण्याचा सट्‌सट् आवाज. आमच्या घराचा अलार्म तोच. त्या दिवशी तो आवाज झाला, पण नंतरचं गुणगुणणं झालं नाही. आई बघायला गेली तर बाबा आरशाकडे बघत उभे होते. उजव्या हातात वस्तरा, आणि गाल धरणारा डावा हात खाली लोंबकळत होता. ओठाचा डावा कोपराही उतरला होता. ‘‘हात घसरतोय गं,’’ एवढंच म्हणाले.

आईने पहिल्यांदा वस्तरा काढून घेतला आणि लगेच शेजाऱ्यांना हाक मारली. तासाभरात ते हॉस्पिटलमध्ये होते. तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही दिसलं तर ‘थोडं पडा, बरं वाटेल’ म्हणायचं नाही, हे तुम्हीही लक्षात ठेवा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच द्यावं लागतं. आईच्या धावपळीमुळे बाबा वाचले, बोलणंही शाबूत राहिलं. डावा हात मात्र रुसला.

डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं, ‘‘रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. कापलं तर रक्त लवकर थांबणार नाही. ब्लेड, वस्तरा, सगळं बंद. इलेक्ट्रिक शेव्हर वापरा.’’ बाबांनी मान डोलावली. पथ्याचं ऐकलं, व्यायामाचं ऐकलं, तेव्हा चेहरा तसाच होता. वस्तऱ्याचं ऐकल्यावर तो पडला.

मग माझं रुटीन ठरलं. शनिवारी सकाळी स्वारगेटहून एसटी, खंबाटकीचा घाट, अडीच-तीन तासांत सातारा. रविवारी संध्याकाळी परत. जानेवारीतल्या एका रविवारी बाबा म्हणाले, ‘‘तो वस्तरा पडून राहिला तर गंज चढेल. तू वापर.’’

‘‘मला कुठे येतो?’’

‘‘मला येतो ना. माझं तोंड चालू आहे अजून.’’

फुग्याची शिकवणी

पहिला धडा वस्तऱ्याचा नव्हताच. भाच्याच्या वाढदिवसाचे दोन फुगे उरले होते. बाबांनी एक टम्म फुगवायला लावला, त्याला साबणाचा फेस लावायला लावला आणि म्हणाले, ‘‘काढ वस्तऱ्याने.’’ पातं फुग्याशी साधारण तीस अंशांत, म्हणजे जवळजवळ आडवंच, धरायचं. फेस अलगद निघाला. फुगा शाबूत. मी एकदम शेर!

‘‘आता दुसरा. अर्धाच फुगव.’’

लिबलिबीत फुग्याला फेस लावला, वस्तरा टेकवला, जरा पुढे नेला… पात्यापुढे रबराची सुरकुती गोळा झाली आणि फुस्स!

‘‘कळलं? वस्तरा तोच, हात तोच. कातडी सैल असली की अशी पुढे गोळा होते आणि धार त्या घडीत घुसते. ताणलेली असली की धार वरून जाते. कापड कापताना दोन्हीकडून ताणून धरत नाही का? तसंच. उजवा हात नुसता वस्तरा फिरवतो. दाढी डावा हात करतो.’’

म्हणाले आणि गप्प झाले. त्यांचा डावा हात मांडीवरच्या उशीवर ठेवलेला होता.

पुण्यात आल्यावर सहज माझं कार्ट्रिजवालं रेझर नीट निरखलं. ब्लेडच्या अलीकडे रबराच्या बारीक रेघा असतात बघा. मला ते डिझाइन वाटायचं. त्यांचं काम काय, तर ब्लेड येण्याआधी कातडी ताणणं! किंग कॅम्प जिलेट या गृहस्थांनी १९०३ मध्ये सेफ्टी रेझर बाजारात आणलं तेव्हा पहिल्या वर्षी अवघे ५१ खपले. पुढच्याच वर्षी आकडा नव्वद हजारांवर गेला. नंतरच्या शंभर वर्षांत ब्लेडं वाढत गेली, पाती वळायला लागली आणि आपला डावा हात मोबाइल धरायला मोकळा झाला. आता त्याची ड्युटी ते रबर करतं.

डाव्या हाताचा सिलॅबस

तर मंडळी, बाबांच्या क्लासच्या नोट्स. वस्तरा नसला तरी चालेल, साध्या रेझरलाही उपयोगी पडतात.

पहिली गोष्ट, वस्तरा जिकडे जाणार त्याच्या उलट दिशेला ताण द्यायचा. वस्तरा वरून खाली येत असेल तर बोटं वर ओढणार. बोटं कायम पात्याच्या मागे, पुढे कधीच नाही. का, ते सांगायला नको.

उजव्या गालाला डावा हात डोक्यावरून न्यायचा. बाबांच्या भाषेत, ‘‘पहिलीत नाव घालताना मास्तर कान धरायला लावायचे तसा.’’ त्यांच्या लहानपणी जन्मदाखल्याची बोंब असायची, म्हणून मुलाचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचला की तो सहा वर्षांचा! तर तसा हात नेऊन कानाच्या पुढची, कल्ल्याजवळची कातडी वर ओढायची आणि वस्तरा खाली आणायचा. जबड्यापर्यंत आलात की थांबायचं. बोटं खाली सरकवून नव्याने ताण घ्यायचा. एकाच पकडीत कानापासून गळ्यापर्यंत जायला ही घसरगुंडी नाही.

डाव्या गालाला हात डोक्यावरून न्यावा लागत नाही. डाव्या कानाशी बोटं ठेवून कातडी वर आणि मागे ओढायची. गंमत म्हणजे सोपी वाटणारी हीच बाजू मला जड गेली, कारण वस्तरा धरलेला उजवा हात नाकासमोरून पलीकडे न्यावा लागतो आणि आरशात काही दिसेनासं होतं.

जबड्याचं हाड ही खरी गोम. हाडावर वस्तरा चालवायचाच नाही. तिथली कातडी वर गालावर ओढून घ्यायची, सपाट झाली की दाढी करायची आणि सोडून द्यायची. गळ्यावरच्या कंठमण्याचंही तेच. कातडी बाजूला ओढायची म्हणजे ती उंचवट्यावरून उतरून सपाटीला येते. टिश्यू पेपर नंबर एक आणि चार हा नियम विसरल्याचे.

हनुवटीला हाताबरोबर तोंडही कामाला लागतं. खालचा ओठ खालच्या दातांवरून आत घ्यायचा, बोळक्या आजोबांसारखा. कातडी आपोआप ताणली जाते. वरच्या ओठाचा धडा आउट ऑफ सिलॅबस होता, कारण बाबांना मिशी आहे. तो मी स्वतः शिकलो. ओठ दातांवर खाली ओढायचा, नाकाचा शेंडा बोटाने जरा वर उचलायचा. टिश्यू पेपर नंबर दोन, तीन आणि पाच तिथलेच.

आता प्रॉब्लेम असा, की फेसाने बोटं होतात निसरडी. पकड सुटली की ताण गेला, आणि ताण गेला की तुम्ही गेलात. म्हणून खांद्यावर कोरडा नॅपकिन हवाच. आणि तुरटी! मला वाटायचं ती फक्त कापल्यावर रक्त थांबवायला. तिचं दुसरं काम म्हणजे ओल्या बोटांवर जराशी चोळायची. बोटं अशी काही चिकटून बसतात की गाल निसटतच नाही. किराणा दुकानात पाच-दहा रुपयांना मिळणारी वस्तू, पण काय कामाची!

एक वॉर्निंग. ताणायचं म्हणजे ढोलाच्या कातड्यासारखं नाही. सुरकुती जाईल एवढंच. फार ताणून, वर उलटा हात मारून दाढी केली, तर केस कातडीच्या पातळीखाली कापला जातो. नंतर तो आतल्या आतच वाढतो आणि पुटकुळ्या येतात. कुरळ्या, राठ केसांच्या मंडळींना हा त्रास जास्त. तुम्हाला तो होत असेल तर त्वचेचे डॉक्टर कातडी ताणू नका असंच सांगतात, आणि वस्तऱ्याचा नाद सोडलेला बरा. बाकीच्यांनी पहिले दोन आठवडे फक्त गाल करावेत, उरलेलं नेहमीच्या रेझरने. आणि वस्तरा एकाचा एकालाच. आजोबांचा वापरताना मीसुद्धा तो आधी स्पिरिटने स्वच्छ पुसून घेतला होता.

उजवा त्यांचा, डावा माझा

ही झाली माझी दाढी. बाबांची?

तिकडे आनंदीआनंद होता. चांगल्यातलं इलेक्ट्रिक शेव्हर आणलं. पण आई बिचारी घाबरत घाबरत वरवर फिरवायची. बाबांचा उजवा गाल जरा बरा दिसायचा, डाव्या गालावर पांढऱ्या केसांची बेटं राहायची. ज्या माणसाने पस्तीस वर्षं गुळगुळीत दाढी केल्याशिवाय काउंटर उघडलं नाही, तो माणूस भेटायला कुणी आलं की डावीकडे मान वळवून बसायचा. सुरुवातीला मला वाटलं, ओठ वाकडा झालाय म्हणून. मग एकदा बेल वाजली, त्यांनी पटकन डाव्या गालावरून उजवा हात फिरवला आणि मान वळवली, तेव्हा लक्षात आलं.

मार्चमध्ये एका रविवारी मी शेव्हर हातात घेतलं. डाव्या गालावर टेकवलं. आणि समोर आला तो अर्धा फुगवलेला फुगा! त्या बाजूचे स्नायूच सैल पडलेले. आपण दाढी करताना नकळत तोंड वाकडं करतो, गाल फुगवतो, जबडा सरकवतो, म्हणजे आतून ताण देतो. बाबांना ते जमत नव्हतं. गाल फुगवायला गेले की हवा ओठाच्या कोपऱ्यातून निघून जायची. शेव्हरच्या जाळीखाली कातडी गोळा होत होती आणि केस जागच्या जागी. माझा हात थरथरायला लागला. आपण आपल्या बाबांच्या गालाला शेवटचा हात कधी लावला होता, हे मला आठवेना. तुम्ही आठवून बघा. नमस्कार करताना पायाला लावतो, निघताना खांद्याला लावतो. गालाला?

‘‘अरे गाढवा,’’ बाबा म्हणाले, ‘‘ताण घेऊ नको, ताण दे!’’

मग मी नॅपकिनने बोटं पुसली, त्यांच्या कानाशी ठेवली आणि गाल मागे ओढला. तीच रीत. कानाशी बोटं, जबड्याला कातडी वर, कंठमण्याला बाजूला. डॉक्टरांनी वस्तरा बंद केला होता, ताण कुठे बंद केला होता? पाच मिनिटांत बेटं गायब.

पुढच्या रविवारी बाबांनी शेव्हर माझ्या हातातून काढून घेतलं. ‘‘माझा उजवा हात चांगला आहे. तू फक्त धर.’’

तेव्हापासून असंच चालतं. ते खुर्चीत, समोर आरसा, शेव्हर त्यांच्या उजव्या हातात. मी मागे उभा, माझा डावा हात त्यांच्या गालावर. एक दाढी, दोन माणसं! ते ‘वर’ म्हणतात, मी वर ओढतो. ‘मागे’ म्हणतात, मागे ओढतो. नोकरी, लग्न, फ्रीलान्सिंगमध्ये कसं भागणार, या तीन विषयांवर ज्या माणसाशी माझं दहा मिनिटं सरळ बोलणं होत नव्हतं, त्याच्या चेहऱ्याचा अर्धा कारभार आता माझ्याकडे आहे. दाढी चालू असताना ते तीन विषय निघत नाहीत. गाल ताणलेला असताना बोलता येत नाही, हे एक कारण असावं.

फिजिओथेरपिस्टने सांगितलंय, डावा हात रोजच्या कामात जितका वापराल तितकं बरं. नुसता व्यायाम नको, खरं काम द्या त्याला. म्हणून गेल्या रविवारी मी त्यांचाच डावा हात उचलून त्यांच्या डाव्या गालावर ठेवला. चार बोटं कानाशी. वरून माझा हात. एप्रिलपासून दर आठवड्याला हे करतोय. रोज आई करते. त्यांची बोटं नुसती टेकलेली असतात, ओढतो मीच.

शेव्हर सुरू झालं. गाल मागे गेला. थोडासाच, अर्धा इंच असेल. मी ओढला नव्हता.

आरशात आमची नजरानजर झाली. मी काही बोलणार, तेवढ्यात बाबाच म्हणाले, ‘‘तुझी एसटी कितीची आहे आज?’’

‘‘सहाची.’’

‘‘मग वेळ आहे,’’ म्हणाले आणि शेव्हर जबड्याकडे नेलं. मी हात काढला नाही. नुसता टेकवून ठेवला.

ता. क. परवाच्या मीटिंगला टिश्यू पेपर शून्य. डिझायनरने विचारलं, ‘‘मांजर गेलं वाटतं?’’ मी म्हटलं, ‘‘नाही रे, माणसाळलं.’’ (बरं बाबा, एक होता. पण तो कानामागे, दिसला नाही कुणाला.)